यात कुणी कामाला का जात नाही?

‘स्लमडॉग मिलियनेअर’ला आठ ऑस्कर मिळाली ती २००९च्या फेब्रुवारीत. त्याच्या महिनाभर आधी, २३ जानेवारीला, तो आपल्याकडच्या थिएटरांत लागला होता; पण सिनेमा न पाहिलेल्यांचंसुद्धा मत तेव्हाच पक्कं झालेलं. एक गट म्हणे, गोऱ्यांनी आमची घाण उपसून जगाला दाखवली आणि बक्षिसं लुटली. दुसरा म्हणे, रहमान, गुलजार, रसूल पुकुट्टी, तिघंही आपले. आणखी काय पाहिजे? नावातल्या कुत्र्यावरून पाटण्यात थिएटरची मोडतोड झाली. वर्तमानपत्रांना आठवडाभराचा खुराक मिळाला.

आमच्या घरात मात्र तिसरंच मत निघालं, आणि ते आजीचं होतं. आमचं घर धारावीत, संत कक्कय्या मार्गाच्या आतल्या अंगाला. सिनेमाची हिंदी आवृत्ती केबलवर लागली तेव्हा आजी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. पोरं पोलिसांना चुकवत गल्लीबोळांतून पळतात, कॅमेरा वर वर जातो आणि एकाला एक चिकटलेले पत्रे दिसायला लागतात, तिथे ती म्हणाली, “एवडी घरं हाईत व्हय गं आपली?” मग बराच वेळ गप्प. आंधळं केलेलं पोर, भिकारी, चोर, भाई, पोलीस, सगळं येऊन गेलं. शेवटी तिनं मला विचारलं, “आगं पोरी, ह्यात कुनी कामाला का जात न्हाई?”

मी कॉलेजातून सिनेमाच्या रसग्रहणाचा अभ्यासक्रम करून आलेली. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

गरिबी दाखवावी की नाही, या भांडणात मला फार रस नाही. ते जुनं आहे आणि त्यात नवं काही निघत नाही. ऐंशीच्या सुमारास राज्यसभेत नर्गिस दत्त यांनी सत्यजित राय यांच्यावर ठपका ठेवला, की हे गृहस्थ देशाचं दारिद्र्य बाहेर विकतात. मग त्यांनी काय दाखवावं, असं एका मुलाखतीत विचारल्यावर बाईंनी धरणांचं नाव घेतलं. ज्या बाईंनी ‘मदर इंडिया’त चिखलातून नांगर ओढला आणि तो सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, त्यांनी हे म्हणावं याची गंमत वाटते. गंमत इथेच संपत नाही. वांद्रे रेक्लमेशनजवळ एक झोपडपट्टी आहे, तिचं नाव नर्गिस दत्त नगर.

आणि परक्यांना तरी काय बोलायचं? जयवंत दळवींची ‘चक्र’ १९६३ची. तिच्यावर रवींद्र धर्मराज यांनी १९८१मध्ये सिनेमा केला, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, परदेशातल्या महोत्सवातही तो गाजला. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ १९६९ची, म्हणजे आमच्या दारातलीच. बाबूराव बागूल, भाऊ पाध्ये, नामदेव ढसाळ यांनी जे लिहिलं त्यापुढे ‘स्लमडॉग’चे दिग्दर्शक डॅनी बॉयल यांचा शौचकूप म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातलं नाटक. झोपडपट्टी दाखवली म्हणून मला राग येत नाही. कुठली दाखवली आणि कुठली गाळली, इथे माझं आजीशी जमतं.

आजी मूळची माण तालुक्यातली, म्हसवडकडची. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी लग्न होऊन धारावीत आली. आजोबा आधीच आलेले, चामड्याच्या कारखान्यात. आम्ही ढोर. कातडी कमावणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गावात तो गावकुसाबाहेर करायचा, इथे शहराबाहेर. कारण धारावी तेव्हा शहराबाहेरच होती. माहीमच्या खाडीकाठचं कोळ्यांचं जुनं गाव, त्याच्या कडेला इंग्रजांनी १७३७मध्ये बांधलेला काळा किल्ला, आणि भोवती चिखल, तिवरं, भरतीचं पाणी. शहराला ज्याचा वास नको ते सगळं इकडे ढकललेलं. वांद्र्याला कत्तलखाना, तिथून ओली कातडी निघायची, म्हणून कारखाने इथे. पहिला १८८७चा असं सांगतात. तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान मालक, तमिळ आणि आमच्यासारखे मराठी कामगार. पलीकडे सौराष्ट्रातून आलेले कुंभार. त्यांना शहरानं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत शेवटी तिसाच्या दशकात इथे आणून बसवलं. त्यांच्या भट्ट्यांचा धूर आणि आमच्या हौदांचा वास, दोन्ही एकाच वाऱ्यावर.

आजी कारखान्याचं सांगायला लागली की तिचे हात आपोआप चालायचे. मिठात आलेलं कातडं आधी पाण्यात, मग चुन्याच्या हौदात. चुन्यानं केस सुटतात, ते खरवडायचे. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दिवसच्या दिवस. आजोबा गुडघ्याएवढ्या चुन्यात उभे राहायचे. त्यांच्या पायांना केस नव्हते, हे मला लहानपणी नवल वाटायचं. जनावरांचे गेले तसे त्यांचेही गेले, असं आजी हसत सांगायची. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा मोकळी राहायची. “बरंच की,” ती म्हणायची, “पाय पसरून जायाला मिळायचं.”

जमिनीची कथा तर तिनं मला इतक्या वेळा सांगितली की ती मीच पाहिल्यासारखी वाटते. आजी-आजोबांना जी जागा मिळाली ती जागा नव्हतीच, पाणी होतं. आधी भर घालायची: राख, राडारोडा, नारळाच्या करवंट्या, चिंध्या, कारखान्यातली चामड्याची कातरणं. त्यावर बांबू, त्यावर तट्टे. पाऊस झाला की भुई खचायची. की पुन्हा भर. कारखान्यातून आल्यावर आजोबा पाटी घेऊन बाहेर पडायचे ते राख आणायला. असं वर्षानुवर्षं. आम्ही मोठे झालो तसं आमचं दार ठेंगणं होत गेलं, कारण जमीन वर येत होती आणि चौकट तिथेच होती. “ह्या घराखाली आनकी चार घरं हाईत,” आजी म्हणायची. आज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतींतून दिसणाऱ्या या जमिनीचा भाव काढायला मोठमोठे लोक बसलेत. ती जमीन सरकारनं दिली नाही, समुद्रानं सोडली नाही. पाट्या वाहणाऱ्यांनी केली. त्या मजुरीचा हिशोब कुठल्याच मूल्यांकनात धरलेला मी वाचला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माणातून माणसं येत राहिली. आजीचा भाऊ, त्याची बायको, चुलत्यांची पोरं. गावाकडे दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि सुकडी खायची, किंवा मुंबईला यायचं. त्याच्या आदल्या वर्षीच, १९७१ला, कत्तलखाना देवनारला हलला होता. तरी कातडी यायची आणि काम मिळायचं. घरात झोपायला पाळ्या होत्या: रात्रपाळीचा उठून आला की दिवसपाळीचा त्याच्या गोधडीत शिरायचा. आजी स्वतः पुढे तेरा कंपाउंडमध्ये भंगारात बसायला लागली. प्लास्टिकचा तुकडा मोडून त्याच्या आवाजावरून कुठला माल ते सांगायची. शंका आली तर काडी लावून वास घ्यायची. अक्षरओळख नव्हती. कातड्यावर अंगठा फिरवून जनावराला गोचिडं कुठे चावली होती आणि डाग कुठे दिला होता, तेही सांगायची, कारण तिथे भाव पडतो.

आता सिनेमाकडे या. अन्याय नको म्हणून सांगते: नायक जमालची आई कपडे धुताना दिसते, आणि मोठा झाल्यावर तो कॉल सेंटरात चहा देतो. पण अशी दृश्यं मोजकीच. आईचं धुणं तिला मारण्याआधीचं, आणि चहाचा पेला ‘चहावाला’ अशी प्रश्नमंजुषेच्या सूत्रधाराला खिल्ली उडवता यावी म्हणून. मधल्या सगळ्या काळात वस्ती काय करते? पळते, भीक मागते, चोरते, मारते, मरते. अडीच चौरस किलोमीटरच्या आतल्या या गावात चामडं, मडकी, पापड, चिक्की, कपडे, भंगार, अशी सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट चाललेली असते. ध्वनीचं ऑस्कर मिळवणाऱ्या सिनेमात शिलाई मशीनचा आवाज नसावा, हे मला अजून चुकल्यासारखं वाटतं.

गुंड नव्हते असं मी म्हणत नाही. दारूबंदीच्या काळात तिवरांच्या आत हातभट्ट्या लागायच्या, पिंपं चिखलात पुरलेली असायची. वरदराजन मुदलियारचं राज्य आमच्या थोरल्या काकांनी, अण्णांनी, डोळ्यांनी पाहिलंय. माटुंग्याचा त्याचा गणपती बघायला तेही रांगेत उभे राहिलेत. पण भाई एक असतो, आणि त्याच्या गल्लीतून कामावर जाणारे हजार. सिनेमा त्या एकाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरला.

शौचकूपाचा प्रसंग सगळ्यांना आठवतो. धाकट्याला आत कोंडून मोठा भाऊ निघून जातो, बाहेर अमिताभचं हेलिकॉप्टर उतरलेलं, आणि पोरगं नाक धरून खाली उडी मारतं, सहीसाठी. तो पिवळा राडा शेंगदाण्याचं लोणी आणि चॉकलेट यांचा होता म्हणे. जगभरच्या थिएटरांत हशा पिकला. माझ्या आत्याला हसू आलं नाही. ती किळसलीही नाही; तिचा आक्षेप तांत्रिक होता. “बाप्याचं पोर म्हणून उघड्यावर बसलं आणि उडी मारली. पोरगी असती तर?” आत्याच्या लहानपणी बायका पहाटे चारला डबडं घेऊन खाडीच्या अंगाला जायच्या, एकटीनं कधीच नाही. दिवसा गेलं तर कडी नसलेल्या दाराला मैत्रिणीनं बाहेरून पाय लावून उभं राहायचं. तहान लागली तरी दुपारनंतर पाणी प्यायचं नाही. यात उडी नाही, सही नाही, म्हणून यात दृश्य नाही.

आत्या पुढे महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेच्या बैठकांना जायला लागली. जोकिन अर्पुतम यांचा झोपडपट्टीवासीयांचा महासंघ धारावीतूनच चालायचा. त्यांना २०००मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या मंडळींनी वस्त्यांत शौचालयं बांधली ती वापरणाऱ्यांना विचारून. बायकांनी पहिली मागणी काय केली? मुलांसाठी वेगळी, बुटकी जागा हवी; कारण मोठ्यांच्या भोकात पडायला पोरं भितात, म्हणून बाहेर गटारावर बसतात. आणि मग तशी जागा खरोखर आराखड्यात आली. पोराला खड्ड्यात पडायची भीती वाटते, एवढी साधी गोष्ट ज्या बाईला ठाऊक होती तिच्याशी सिनेमावाल्यांची गाठ पडली असती तर हशा थोडा कमी झाला असता.

पण दंगलीचा प्रसंग मला सगळ्यांत जास्त खुपतो. विकास स्वरूप यांच्या ‘क्यू अँड ए’ या २००५च्या कादंबरीत नायकाचं नाव राम मोहम्मद थॉमस. तो अनाथ, दिल्लीच्या चर्चमध्ये वाढलेला. पटकथाकार सायमन ब्यूफॉय यांनी त्याचा जमाल मलिक केला, त्याला आई दिली आणि ती दंगलीत मारली. कुठून तरी जमाव येतो, पाण्यात रक्त, आगीचा लोळ, आणि मधेच निळ्या रंगात रंगलेला, धनुष्यबाण घेतलेला बालराम उभा. दोन-तीन मिनिटांत दंगल संपते आणि पुढे कार्यक्रमात प्रश्न येतो: रामाच्या उजव्या हातात काय असतं?

अण्णा हे दृश्य चालू असताना उठून बाहेर गेले. बाबरी पडली त्याच संध्याकाळी धारावीत आनंदाची सायकलफेरी निघाली आणि काळ्या किल्ल्याजवळ सभेत संपली, हे श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. अण्णांनी ती फेरी पाहिली होती. मग डिसेंबर, मग जानेवारी. शहरभरात नऊशे माणसं मेली, हा सरकारी आकडा. आजोबांच्या जुन्या मालकाचा मुलगा मद्रासच्या गाडीत बसण्यापूर्वी गोदामाची किल्ली अण्णांच्या हातात देऊन गेला. पुढचा माल लुटला गेला, मागचा वाचला. लुटणारे ओळखीचे होते आणि रात्री अण्णांबरोबर पहाऱ्याला बसलेलेही ओळखीचेच. त्यातला एक दोन्हीकडे होता. हे सांगताना अण्णा आवाज चढवत नाहीत. तो माणूस अजून गल्लीत राहतो, सणाला घरी येतो. त्यांच्या दंगलीत जमाव कुठूनतरी येत नाही. तो नावागावासकट येतो आणि दंगलीनंतर त्याच्याच दुकानातून दूध आणावं लागतं.

त्याच धारावीत दंगलीनंतर वकार खान आणि भाऊ कोरडे हे दोघं एकत्र आले. खान कपड्यांचा व्यवसाय करणारे, कोरडे शाळेतून निवृत्त झालेले. मोहल्ला समित्यांत काम करता करता त्यांनी एक पोस्टर काढलं: चार लहान मुलं, चार धर्मांच्या वेशात, आणि वर ‘हम सब एक हैं’. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी या दोघांवर ‘नाता’ नावाचा माहितीपट २००३मध्ये केला. तुम्ही म्हणाल, असली पोस्टरं भाबडी असतात. असतीलही. पण ज्या वस्तीनं मुलांना धर्माचे कपडे चढवून हे चित्र स्वतःच्या पैशानं छापलं, तशाच वस्तीची गोष्ट सांगताना बॉयलनी बालरामाला प्रेतांच्या मधे उभं केलं. जगात कुठलं चित्र पोचलं ते सांगायला नको.

आता सिनेमातल्या पोरांचं. जमालचा भाऊ छोटा सलीम आणि मैत्रीण छोटी लतिका झालेली मुलं वांद्रे स्टेशनाजवळच्या गरीब नगरातली. ऑस्करच्या गालिच्यावर ती चालून आली फेब्रुवारीत. मे महिन्यात दोघांचीही घरं पाडली गेली. दिग्दर्शक-निर्मात्यांनी त्यांच्यासाठी ‘जय हो’ नावाचा ट्रस्ट केला होता, शिक्षणाचा आणि घराचा खर्च त्यातून व्हायचा, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. पुष्कळ निर्माते एवढंही करत नाहीत. २०११च्या मार्चमध्ये गरीब नगराला आग लागली, त्यात लतिकेचं घर पुन्हा गेलं. दीड कोटी डॉलरमध्ये केलेल्या सिनेमानं जगभर सदतीस कोटींच्या वर कमावले, हा आकडा पुढे ठेवून वर्तमानपत्रांनी तेव्हा बराच गहिवर काढला. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, “फोटोपास होता का त्यांच्याकडं?”

बाहेरच्याला हा प्रश्न निर्दय वाटेल. आमच्याकडे तो तब्येत विचारण्यासारखा आहे. १९७६च्या जानेवारीत मुंबईतल्या झोपड्यांची गणती झाली. मोजलेल्यांना पुढे फोटोपास मिळाला. आमच्या फोटोपासात आजी-आजोबा खुर्च्यांवर ताठ बसलेत, पोरं मागे. लग्नाचा फोटो नाही, हाच पहिला. तो पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, वीजबिलांच्या गठ्ठ्याबरोबर. पावसाचं पाणी आत आलं की आधी पेटी वर, मग तान्हं पोर, असं आजी म्हणायची आणि आत्या चिडायची, कारण ते तान्हं पोर तीच होती. ज्यांच्याकडे कागद नाही त्यांचं घर पडतं, ज्यांच्याकडे आहे त्यांचं जरा उशिरा पडतं. आता पुनर्विकासासाठी पुन्हा माणसं येऊन दारावर नंबर टाकून गेली. २००० सालच्या आधीचं, तळमजल्याचं घर असेल तर धारावीतच साडेतीनशे चौरस फूट. नसेल तर लांब कुठेतरी. आमचा धाकटा भाऊ पोटमाळ्यावर राहतो. अण्णा पेटी उघडून बसलेत, आणि सर्वेक्षणवाल्या पोरांना चहा पाजून कायदा समजावून सांगताहेत.

सिनेमात कागद कुठेच नाही. तिथे सगळं नशिबानं होतं. सुरुवातीलाच पडद्यावर चार पर्याय येतात आणि शेवटी उत्तर सापडतं की हे विधिलिखित होतं. शेवटचा प्रश्न तर जमालला येतही नाही, तो अंदाजानं ठोकतो आणि दोन कोटी जिंकतो. इथे सिनेमानं स्वतःचीच चांगली कल्पना मोडीत काढली असं माझं मत आहे. कारण कल्पना खरोखर मोठी होती: शाळा न शिकलेला पोरगा उत्तरं देतो, कारण प्रत्येक उत्तर त्याला आयुष्यात कुठेतरी मार खाऊन मिळालेलं आहे. स्वरूप यांना ती सुचण्यामागे सुगत मित्रा यांचा प्रयोग होता. १९९९मध्ये त्यांनी दिल्लीच्या कालकाजीतल्या एका भिंतीत संगणक बसवला आणि वस्तीतली पोरं तो आपल्याआपण चालवायला शिकली. म्हणजे मुळाशी होतं ते शिकणं. आमच्या आजीच्या अंगठ्यात जे होतं ते. पडद्यावर पोचेपर्यंत त्याचं नशीब झालं.

खऱ्या कार्यक्रमाचं काय झालं पाहा. २०००मध्ये सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोडपती’चा पहिला करोडपती हर्षवर्धन नवाथे, मुंबईचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. आणि २०१९मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे. शाळेत पोरांना खिचडी शिजवून घालायच्या, महिन्याला दीड हजार रुपये मानधन. एक कोटी जिंकल्या. जमालसारखं त्यांना कुणी पोलीस चौकीत टांगलं नाही. तुला एवढं कसं आलं, तर वाचून आलं; खिचडी शिजवून झाल्यावर वाचून. हे पडद्यावर घेतलं तर फार तर अर्धा तास चालेल, गाणं तर नाहीच. पण आजीचा प्रश्न तिथे विचारावा लागला नसता.

मग त्या आठ ऑस्करांचं काय करायचं? मला विचाराल तर बहुतेक राहू द्या. अँथनी डॉड मँटल यांनी छोटे डिजिटल कॅमेरे हातात धरून बोळांत जे पळवलंय ते मला आजही थक्क करतं. आमच्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला पाठ लावावी लागते, तिथे हा माणूस पळतोय. संकलनाचं ठेवा, ध्वनीचं ठेवा (मशीनचा राग बाजूला ठेवून). संगीताची दोन्ही तर ठेवाच. ‘जय हो’वर आमच्या गल्लीतली पोरं गणपतीत वर्षानुवर्षं नाचली, आणि तेव्हा कुणीही भारताच्या प्रतिमेची चिंता केली नाही. दिग्दर्शनाचं आणि सर्वोत्तम चित्रपटाचं त्यांचं त्यांनी बघावं. अकादमी त्यांची, खुर्च्या त्यांच्या.

पटकथेचं मात्र अण्णांना मान्य नाही, आणि त्यांचं कारण माझ्यापेक्षा पक्कं आहे. अण्णा भजनी मंडळातले, शिवाय जन्मभर रेडिओ ऐकत चामडं शिवलेले. सिनेमात आंधळं केलेलं पोरगं जे भजन गातं, ‘दर्शन दो घनश्याम’, ते कुणी लिहिलं असा कार्यक्रमात प्रश्न येतो. जमाल सांगतो, सूरदास. सूत्रधार म्हणतो, बरोबर. टाळ्या, पैसे, पुढचा प्रश्न. अण्णा बसल्या जागी ओरडले, “चूक!” ते भजन १९५७च्या ‘नरसी भगत’मधलं, संगीत रवी यांचं, आणि लिहिलंय गोपालसिंह नेपाळी यांनी. चार पर्यायांत ते नावच नव्हतं. उत्तरांवर उभा असलेला सिनेमा, आणि उत्तर चुकीचं. ते तपासायला लंडनपासून लॉस एंजेलिसपर्यंत कुणाला सुचलं नाही. धारावीत कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं अण्णा म्हणतात, आणि ‘कुणालाही’ म्हणजे ते स्वतः.